हिरव्या चिंधीची मेंढी

“लिवा की बाई, ह्ये जात्यात एकलं!” म्हणत ठकूबाईंनी चहाची कपबशी माझ्या फॉर्मवरच ठेवली.

मी नर्स. डोक्याला मार लागलेली माणसं सहा महिन्यांनी कशी आहेत, हे त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. आमचं पुण्याचं हॉस्पिटल आणि विलायतेतले डॉक्टर मिळून हा अभ्यास करत होते. साल दोन हजार सहा. प्रश्न तिकडचे, उत्तरं महाळुंगे पडवळ गावची.

ठकूबाईंच्या नवऱ्याला, राघूभाऊंना, मेंढरं रस्त्यापलीकडे नेताना टेम्पोनं उडवलं होतं. ते ओट्यावर बसून धुक्याकडे बघत होते, नुकतेच झोपेतून उठल्यासारखे.

“एकटे घराबाहेर जातात? खरं सांगा,” मी खेकसलेच.

ठकूबाईंचे डोळे भरले. “खरं लिवलं तर दीर कळप इकंल. येड्याच्या हाती मेंढरं कशाला, म्हनतोय. मेंढरं गेली की ह्ये बी गेलं समजा.”

“अहो, कागद विलायतेला जातो. दिराला कोण दाखवतंय?”

तेवढ्यात राघूभाऊ हळूच बोलले. “मी न्हाई जात, बाई. मेंढरं नेत्यात. वाट लई हालती, पान्यातून बगितल्यावानी. मंग हिरव्या चिंधीची मेंढी धरतो. ती वळली की घर येतं.”

फॉर्मवर दोनच चौकोन, हो आणि नाही. मला त्या चौकोनांचा असा राग आला! ‘नाही’वर खूण केली आणि शेजारी लिहिलं, ‘मेंढीसोबत जातात.’

महिन्याभरात तिकडून विचारणा आली: ‘सोबतीचं नाव आणि नातं कळवा.’ हसावं की रडावं! त्या कागदाची झेरॉक्स घेऊन मी पुन्हा गेले.

“नाव काजळी,” ठकूबाई म्हणाल्या.

“आणि नातं?”

“लिवा, सवत!” त्या पहिल्यांदाच खळखळून हसल्या. मग झेरॉक्स त्यांनी कमरेला खोचली. “ह्यो दिराच्या तोंडावर मारते. विलायतेचं डागदर मेंढीचं नाव इचारत्यात, आन् तू इकाया निघालास व्हय रं!”

दिवस कलला. ठकूबाई बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. धुळीतून काजळी आली. तिच्या गळ्यातली चिंधी मुठीत धरून राघूभाऊ. ते थांबले. ठकूबाईंचं लुगडं हिरवं होतं, पदराचा काठ वीतभर फाटलेला. त्यांनी चिंधीकडे बघितलं, पदराकडे बघितलं. मग चिंधी सोडून पदर धरला.

“उशीर केला आज,” ठकूबाई म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या.