थेंब तुटेना

"उमाजी, तारीख दिसंना की! नुसते फराटे यायलेत," पट्ट्यापलीकडे पिशव्या खोक्यात भरणारी मालनबाई ओरडली.

पट्ट्यावरून गोडेतेलाच्या पिशव्या सरकत होत्या. त्यांच्यावर शाईचे थेंब उडवून तारीख छापणारं यंत्र उमाजीच्या ताब्यात होतं. तो पेडगावचा, घरातला पहिला मॅट्रिक. तेलगिरणीत सगळे त्याला 'ऑपरेटर' म्हणत.

यंत्रातली शाई घट्ट झाली होती. तिच्यातला पातळ द्रव सारखा उडून जाई, त्याची भर घालावी लागे. शाई बेताची पातळ असली की धारेचे एकसारखे थेंब तुटत; घट्ट झाली की थेंबांना शेपट्या फुटत आणि आकडे एकमेकांत मिसळत. भरीचा द्रव मुंबईहून येई. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या जानेवारीत बंदमुळे पार्सल वाटेतच अडकलं होतं.

"साहेब, यंत्र थांबवू का?" त्याने मॅनेजर दिनकररावांना विचारलं.

"माल न्यायला ट्रक उभा आहे, बाबा. कर काहीतरी."

उमाजीने मालनबाईला रंगाच्या दुकानात पिटाळलं. थिनर आलं. वास भरीच्या द्रवासारखाच वाटला. त्याने ओतलं.

थोडा वेळ तारखा कोरल्यासारख्या उमटल्या. "देवच पावला!" मालनबाई हसली. मग धार वाकडी झाली, तुटली. झाकण काढलं तर शाई नासलेल्या दुधासारखी फाटलेली. धार सोडणाऱ्या केसाएवढ्या छिद्रात गुठळ्या घट्ट बसल्या होत्या. यंत्र दुरुस्त करायला मुंबईचा माणूस येईपर्यंत पट्टा बंद. पट्ट्यावरच्या बायकांना घरी जायला सांगितलं.

"हे थिनर कोणी आणलं?" दिनकररावांनी विचारलं.

मालनबाईने मान खाली घातली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता.

"म्याच आणलं. म्याच वतलं," उमाजी म्हणाला.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

नोकरी गेल्याचं त्याने घरी लपवलं. सकाळी त्याच्या बायकोने, सुगंधाबाईने, तांब्यात निखारे घालून त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली.

"लय लौकर निघालाव आज?"

"काम हाय," तो म्हणाला.

तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेला. हमालांची रांग लागली होती. त्याने सदरा काढला, घडी मोडणार नाही असा भिंतीकडेला ठेवला आणि त्या थंडीत बनियनवर रांगेत उभा राहिला.

मुकादमाने त्याला खालून वर न्याहाळलं. "याच्याआदी काय करायचास रं?"

"काई न्हाई," उमाजी म्हणाला आणि पोत्यासाठी पाठ वाकवली.