कोपराखाली एक वीत

मित्रांनो, मी एका स्वयंपाकघरातला जुना ओटा आहे, आणि इतर ओट्यांपेक्षा चांगलाच बुटका आहे. नवा पाहुणा पाणी प्यायला आत आला, की पेला ठेवताना त्याचा अंदाज चुकतो आणि तो मला हसतो. त्या हसण्याची मला सवय झाली आहे. पण माझ्या या बुटकेपणावरून एकदा कोर्टात वाद झाला. तो तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म दगडाच्या खाणीतला. मला कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि एका अर्धवट बांधलेल्या घरापाशी आणून टेकवून ठेवलं. ते घर एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ मिळून बांधत होते. भाऊ छापखान्यात कायमच्या नोकरीवर होता. ताई दवाखान्यातल्या चादरी धुवायच्या कामावर होती, पण तिची नोकरी हंगामी. त्यामुळे बँकेनं कर्ज भावाला दिलं आणि जागेचे कागदही त्याच्या एकट्याच्या नावावर झाले.

"ताई, नाव माझं लागलंय, पण घर दोघांचं हं," भाऊ म्हणाला होता.

"तू कुठं पळून जाणारेस?" ताई म्हणाली, आणि बादली उचलून भिंतींना पाणी मारायला गेली.

ताईचा नवरा लवकर गेला होता. पदरात एक लहान लेक. दवाखान्यानं तिला राहायला खोली देऊ केली, ती तिनं नाकारली. "माझं घर होतंय की," असं तिनं मुकादमाला सांगितलं. तिचा पगार इथल्या विटांत गेला आणि सुट्टीचे दिवस वाळू चाळण्यात गेले.

मला बसवायच्या दिवशी गवंड्यानं विचारलं, "नेहमीच्या उंचीवर घेऊ ना?" भावानं ताईला भिंतीपाशी उभं केलं आणि हात कोपरात वाकवायला लावला. ताई अगदीच ठेंगणी होती. त्यानं तिच्या कोपराला अंगठा टेकवला, खाली वीत पसरली आणि करंगळीपाशी पेन्सिलीनं रेघ मारली. "इथं. जन्मभर हिला उभं राहायचंय इथं, तुला नाही." गवंडी हसला. माप घेऊन झालं तरी ताई हात वाकवलेला तसाच ठेवून उभी होती.

ती माझी चांगली वर्षं होती. ताई कामावरून आली की आधी ओल्या फडक्यानं मला पुसायची, मग चहा टाकायची. लेक माझ्या कडेवर बसून पाय हलवत पाढे म्हणायची. पुढं भावाचं लग्न झालं. वहिनी उंच होती. आठवड्याभरात तिनं कंबर धरली. "कुणी बांधला हो हा इतका खाली? पाठ मोडली माझी."

भाऊ नवा नवरा. खरं सांगावं तर बायको नाराज, न सांगावं तर बहीण ऐकतेय. तो म्हणाला, "गवंडीच बुटका होता, काय करणार!" सगळे हसले. ताईसुद्धा हसली. एकीची पाठ आणि दुसरीचं मन सांभाळायला मारलेली ती थाप होती, म्हणून मला तिचा राग आला नाही. पण ती घरात मुरली. कुणीही विचारलं की भाऊ तेच सांगायचा, आणि त्याचा मुलगा ते ऐकतच मोठा झाला.

वर्षं सरली, वहिनी वारली. लेकीची नोकरी याच गावात, ती आईजवळच राहिली. रस्ता रुंद झाला, आजूबाजूला मोठ्या इमारती आल्या आणि एक दिवस भावाच्या मुलानं घर विकायचं काढलं. "आत्या, इतकी वर्षं राहिलात, आम्ही कधी काही म्हटलं का? आता तुमची सोय तुम्ही बघा," असं तो माझ्याजवळ उभं राहूनच म्हणाला. भाऊ दारात होता. तो आता मुलाच्या आधारावर होता. त्यानं खाली पाहिलं.

ताईनं आपल्या वाट्यासाठी कोर्टात दावा लावला. भावाच्या सहीचं उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं की बहिणीला दयेपोटी आसरा दिला होता. लेकीनं ते माझ्यावर ठेवून आईला वाचून दाखवलं. 'दयेपोटी' मात्र तिनं गाळलं.

"पुन्हा वाच," ताई म्हणाली. "एक शब्द खाल्लास तू."

लेकीनं कोर्टात सांगितलं, की ओटा आईच्या मापाचा आहे. पाहुणीसाठी कुणी असा ओटा बांधत नाही. समोरचा वकील म्हणाला, ती गवंड्याची चूक, सारं घर सांगतं. मग कोर्टानं पाहणीसाठी एक वकीलबाई पाठवल्या. त्यांनी टेप लावून माझी उंची लिहून घेतली. ताई तेव्हा आजारी होती. लेकीनं तिला धरून आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं.

"गवंडी चुकला होता का?" वकीलबाईंनी भावाला विचारलं.

"सांगा ना, बाबा," मुलगा म्हणाला. "तुम्हीच सांगायचात ना."

भाऊ पुढं आला. त्यानं ताईच्या कोपराला अंगठा टेकवला आणि खाली वीत पसरू लागला. ताई वयानं वाकली होती. वीत पुरती उघडलीच नाही. त्याची करंगळी माझ्यावर दुमडली.

"किती बुटकी झालीस गं ताई."

"होतेच मी. माप तूच घेतलं होतंस."

हात न काढताच तो वकीलबाईंना म्हणाला, "गवंडी नव्हता चुकला. लिहून घ्या. घर दोघांचं म्हणून मीच हिला सांगितलं होतं."

निकालाच्या आधी तीन आठवडे ताई गेली. त्या दिवसांत माझ्यावर कुणी काही चिरलं नाही. लेक सकाळी यायची, कोरड्याच दगडावरून फडकं फिरवायची आणि जायची.

निकाल साध्या शब्दांत असा होता: एकानं शब्द दिला आणि दुसऱ्यानं त्यावर भिस्त ठेवून आपलं सारं घातलं, तर कागदावरचा मालक दुसऱ्याच्या वाट्याचा राखणदार असतो. राखणदाराला तो वाटा विकता येत नाही. ताईचा अर्धा हिस्सा लेकीकडे आला.

लेक वडिलांसारखी उंच. ती स्टूल ओढून माझ्यापाशी बसते, तेव्हा कुठं तिला भाजी चिरता येते. परवा तिचा मामा आत आला. तिला स्टुलावर बसलेली पाहून म्हणाला, "गवंड्याला बोलवू का? खाली विटांचा थर दिला की तुझ्या उंचीला येईल."

लेकीनं सुरी बाजूला ठेवली. "बोलवा, मामा. पण माप तुम्हीच घ्या. आणि या वेळी कागदावर लिहा, कुणासाठी घेतलं ते."

मित्रांनो, दगडाला हलवलं तर तो तडकतो, म्हणून मला थोडी भीती वाटते. तरी मी उठेन. तुम्ही मात्र एवढं करा: तुमच्या घरात जे माणूस कधीच काही मागत नाही, त्याचं नाव आधी लिहा. हात चालतो आहे आणि मनात माया आहे, तोवरच लिहा.

मामा पेन्सिल शोधत होता. लेक उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं हात कोपरात वाकवला.