गैरहजर मुलाचा बाक

मी शेवटच्या रांगेतला बाक बोलतोय. दचकू नका. बाक बोलत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या वर्गात जो बोलत नाही तो नसतोच, म्हणून आज तोंड उघडलं.

माझ्या फळ्या आधी एका होडीच्या होत्या. ती काशीत मणिकर्णिका घाटापाशी उभी असायची. ज्यांना अग्नी देत नाहीत अशा तान्ह्या मुलांना आणि संन्याशांना तिच्यातून गंगेच्या मधल्या धारेत जलसमाधीसाठी नेत. होडी जुनी झाली, रामनगरच्या सुतारानं ती फोडली आणि मला घडवलं. त्यामुळे मला एक खोड आहे: अंगावर कोणी टेकलं की ते जिवंत आहे की नाही, हे मला वजनावरून कळतं. शाळेत ही विद्या काय कामाची, असं मला वाटायचं.

मग आठवीत निमिष आला. तो सगळं ऐकतो, गणितं चटाचट सोडवतो. फक्त त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. तो बसला आणि मला कळलं, पोर चांगलं ठणठणीत जिवंत आहे.

ढुंढिराज गुरुजींनी हजेरी घेतली. “निमिष!” त्यांची नजर त्याच्या आरपार जाऊन मागच्या भिंतीवर टेकली. “गैरहजर.” रजिस्टरात लाल गोल पडला.

“गुरुजी, तो बसलाय ना इथे!” त्याची मावसबहीण स्वरदा म्हणाली. ती त्याच वर्गात होती.

“मग बोलू दे की त्याला. आमच्या घरात सात पिढ्या वेद तोंडानं चालत आलाय, बेटा. जे उच्चारलं नाही ते नाही. नियम म्हणजे नियम.”

गुरुजी दुष्ट नव्हते. असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

महिने गेले आणि भलतंच घडू लागलं. प्रश्नपत्रिका पुढच्याच बाकापाशी संपायच्या. एकदा कोणीतरी जागा रिकामी समजून त्याच्या मांडीवर दप्तर ठेवून गेलं. आणि खरं सांगतो, मलाही त्याचं वजन हलकं लागू लागलं. ते हलकेपण माझ्या ओळखीचं होतं. मी फार घाबरलो.

तेवढ्यात कळलं, सलग गैरहजेरीमुळे शनिवारी त्याचं नाव कटणार. स्वरदानं मधल्या सुट्टीत वर्ग गोळा केला. “उद्या हजेरीला कोणीच बोलायचं नाही. मुँह एकदम बंद. फक्त बाक वाजवायचा. लिहू देत सगळ्यांनाच गैरहजर!”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुकारलं, “आदित्य!”

ठक.

“देवश्री!”

ठक.

एकही ओठ हलेना. गुरुजींचा आवाज बारीक होत गेला; भरल्या वर्गात ते एकटेच उरल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले. पोरांना चेव आला. सगळे मिळून बाक बडवू लागले, खिडक्या थरथरल्या. आणि माझ्यावर निमिष कान दाबून, गुडघ्यांत डोकं खुपसून कापत होता. मोठा आवाज त्याला सोसत नाही. सगळा खटाटोप त्याच्यासाठी, आणि त्यालाच कोणी विचारलं नव्हतं.

स्वरदानं मागे वळून पाहिलं. “बंद करो! अरे थांबा, त्याला त्रास होतोय!”

वर्ग चिडीचूप झाला. गुरुजी रजिस्टर घेऊन पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत आले आणि माझ्यावर, निमिषच्या शेजारी बसले. त्याचं कापणं थांबल्यावर अगदी हळू म्हणाले, “बाळा, तू आहेस ना?” मग रजिस्टर उघडून त्यांनी पेन पुढे केलं.

निमिषनं आजच्या घरात निळी खूण केली. पण तो थांबला नाही. कालच्या लाल गोलावर खूण केली, परवाच्यावर केली. पान उलटलं. मागचा महिना, त्याच्या मागचा, थेट पहिल्या दिवसापर्यंत. गुरुजींना त्याला अडवता आलं असतं. त्यांनी फक्त पंख्याच्या वाऱ्यानं उडणारं पान धरून ठेवलं.

मी अजून त्याच जागी आहे. माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या शाळेत एखादा बाक रिकामा दिसला, तर लांबून ठरवू नका. जवळ जा, हात लावून बघा. फळी गरम लागेल.