नदीकाठच्या गोदामावरची लाल चकती

दचकू नका, भिंतीवरून मीच बोलतेय! मी या विमा कंपनीच्या दालनातली लोखंडी पाटी. माझ्यावर एकेका ग्राहकाच्या नावापुढे चुंबकाच्या चकत्या बसतात, प्रत्येक विभागाची एक. हिरवी म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे धोका. खट्कन चकती बसली की अजूनही मी खिळ्यावर हलते.

मी येण्यापूर्वी आगविभाग, मालविभाग, यंत्रविभाग आपापल्या धास्त्या आपापल्या कपाटात कोंडून ठेवत. एकच गोदाम पाहायला तिघे तीनदा जात. एक गोदामवाला वैतागून म्हणाला होता, "अहो, तुमच्यासाठी इथे खाटच टाकतो!" मी आले आणि एका फेरीत तिघांचं काम होऊ लागलं. विमे भराभर निघू लागले. मला कोण अभिमान वाटायचा!

पण लाल चकती दिसली की काम थांबायचं, साहेबांना उत्तर द्यावं लागायचं. मग सोमवारी साहेबांची फेरी निघाली की विभागप्रमुख लगबगीनं लाल चकत्या खिशात टाकून हिरव्या लावायचे. मी वरून हिरवीगार, आतून नुसती धडधड.

या सोमवारी नदीकाठच्या गोदामापुढेही तीन हिरव्या लागल्या. नव्यानेच नोकरीला लागलेली जोखीम अधिकारी माझ्यापुढे थबकली आणि आगविभागाच्या प्रमुखांकडे वळली.

"काका, आगीच्या विम्यात पूरही धरलेला असतो. पूर आला तर तिन्ही विभागांना एकदमच भरपाई द्यावी लागेल. एकेकाला झेपेल, पण सगळं मिळून कंपनीला नाही झेपणार."

काका हसले. "घाबरट ताई, आभाळात ढग तरी आहे का? आज सही झाली नाही तर गिऱ्हाईक हातचं जाईल. आणि तुझी नोकरी अजून पक्की नाही, बरं का!"

तरी तिनं लाल चकती लावलीच. खट्!

तेवढ्यात साहेब आले. "हे कुणी केलं?"

"मी, सर."

"काढ ती."

"काढते, सर. पण आधी या तिन्ही विभागप्रमुखांना एकत्र बसवा."

साहेब माझ्यावरची ती ओळ वाचायला वाकले. मग तिघांना घेऊन आत गेले. दार लागलं. ती बाहेर नखं कुरतडत उभी, आणि मी खिळ्यावर लटकलेली. दोघींचाही जीव टांगणीला!

दार उघडलं. काका घाम पुसत म्हणाले, "सही उद्या, ताई. थोडा भार दुसऱ्या विमा कंपनीवर टाकतोय. साहेब म्हणतात, यापुढे अशा बैठकीला तूही बसायचंस."

मग ते माझ्याजवळ आले. खिशात हात घातला आणि एकेक लाल चकती काढून जिथल्या तिथे लावू लागले. मागून बाकीचे दोघेही आले. खट्, खट्, खट्. किती दिवस खिशात होत्या कोण जाणे!

आता मी लालेलाल आहे. धडधड थांबलेली नाही, पण ती आता सगळ्यांना दिसते. एवढंच मागणं आहे: मला असं पाहून घाबरू नका. मी पुन्हा हिरवीगार दिसले, तर आधी एकमेकांचे खिसे चाचपून बघा.