म्युटेशन आढळले

आमचे हे स्क्रूच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं माल तपासत होते. मापात केसभर फरक दिसला की लाल चिकटपट्टी, पेटी परत. निवृत्त झाल्यावर पेट्या संपल्या आणि मी सापडले. पडदा आखूड, चादरीची घडी वाकडी, भाजीत मीठ जास्त. नुसता वैताग!

गेल्या महिन्यात त्यांच्या रक्तात ल्युकेमिया निघाला, संथ चालणारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच औषध नको. जनुकांची तपासणी करू, म्हणजे तो पुढे किती जोरात वाढेल याचा अंदाज येईल."

मंगळवारी रिपोर्ट घरी आला, भेट शुक्रवारची. थांबतील तर ते हे कसले? पाकीट फोडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "म्युटेशन आढळले."

"म्हणजे?"

"म्हणजे बदल. मूळ नमुन्यापेक्षा वेगळा माल." चष्मा काढून त्यांनी निकाल दिला, "नापास." आणि फायलीवर लाल पट्टी चिकटवली.

पुढचे तीन दिवस हा माणूस इतका गोड वागला की मला धास्तीच बसली. करपलेली भाजी खाऊन म्हणाले, "छान खरपूस झालीय." माझ्या भावाला फोन करून कबूल केलं, की पंधरा वर्षांपूर्वी त्याने बसवलेली खिडकी सरळच होती. भावाने घाबरून मला विचारलं, "ताई, भाऊजींना झालंय तरी काय?" मला धड रडूही येईना.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचून हसल्या. "काका, या जनुकात बदल असलेलाच बरा. असा आजार बहुतेक सावकाश चालतो. वाईट बदल ज्या जनुकात शोधतो, ते तुमचं स्वच्छ आहे."

"बदल आहे आणि तरी पास?" हे अडूनच बसले. "हा कसला नियम? कोणी ठरवला?"

"पेशंटांनी. वर्षानुवर्षं पाहिलं, तर बदल असलेले जास्त जगले."

"किती?" मी विचारलं.

"नक्की आकडा नाही सांगता येत. पण कित्येकांना बरीच वर्षं औषधसुद्धा लागत नाही."

बाहेर आलो. हे खुर्चीत टेकले, उठले, खुर्ची हलवून पाहिली आणि तरातरा काउंटरवरच्या बाईंकडे गेले. "ही डुगडुगतेय! पेशंट पडला तर? लक्ष कुठे असतं तुमचं?"

मी तिथेच बाकावर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले.

हे धावत आले. "अगं, आता काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही अजून बोला त्यांना."