‘बाबा’ नोंदीतला खोटा अर्थ

कोशाच्या कचेरीत पाठीमागे सगळे मुख्य संपादकांना चिमटा म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. छापायला निघालेल्या पानातून भलती मात्रा, नको तो अनुस्वार ते असा अलगद उचलत, की ज्याचं चुकलं त्याला आधी टोचायचं आणि मग कळायचं. मुख्य संपादक म्हणून त्यांचा नियम एकच होता: पुरावा नाही तर अर्थ नाही.

तो नियम त्यांनी स्वतःच मोडला, आणि तोही जावयासाठी.

कोश होता छोट्या शब्दांचा. एकच शब्द निरनिराळ्या भाषांत काय काय होतो आणि तिथे कुठून येतो, हे सांगणारा. ‘बाबा’ ही त्यातली मिरवायची नोंद. तुर्कीत बाबा म्हणजे बाप, स्वाहिलीत बाप, चिनीतही बाप. रशियनमध्ये मात्र बाई, आणि तीही बहुधा वय झालेली. जपानीत म्हातारीला हिणवायचं तर हाच शब्द. पुष्कळ ठिकाणी तो कुणी कुणाकडून उचललेला नाही. मूल ओठ मिटून उघडतं, आवाज निघतो, आणि जवळ जे कोणी उभं असेल त्याला वाटतं, हाक आपल्यालाच आहे.

ही नोंद लिहीत होता सहसंपादक, म्हणजे चिमट्यांचा जावई. कचेरीत तो त्यांना सर म्हणे, घरी बाबा. लेक आणि जावई त्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत. सगळं हाताशी होतं, आणि म्हणूनच चिमट्यांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. काही दिवसांपासून फोन वाजला की जावई उठून जिन्यात जायचा, खालच्या आवाजात बोलायचा आणि परत येताना चेहरा धुतल्यासारखा कोरा करून यायचा. मागून कुणी गेलं तर पडद्यावरचं पान बदलायचा. पलीकडच्या रस्त्यावरच्या प्रकाशनाने नेमका तसलाच कोश काढायला घेतला होता. चिमट्यांच्या मनात पाल चुकचुकली, आणि चुकचुकली ती गप्प बसेना.

कोशकारांची एक जुनी खोड असते. पानात एखादा रचलेला अर्थ पेरून ठेवायचा. तो दुसऱ्याच्या पुस्तकात उगवला की चोर सापडला. चिमट्यांनी ‘बाबा’मध्ये एक अर्थ घुसवला. दूरच्या बेटांवरच्या, कोणी सहसा न तपासणाऱ्या एका भाषेचं नाव देऊन लिहिलं: नावेत साठलेलं पाणी उपसायचं भांडं. उगाच काहीतरी ठोकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भांडं पाण्यात बुडतं तेव्हाचा एक आवाज, पाणी बाहेर पडतं तेव्हाचा दुसरा, यावरून शब्द झाला असावा, अशी उपपत्तीही त्यांनी जोडली. लिहून झाल्यावर ती त्यांना इतकी पटली, की आपण खोटं लिहिलंय याचं थोडं वाईट वाटलं. ते स्वतः आणि जावई सोडून ते पान कुणीच पाहणार नव्हतं.

पलीकडच्या प्रकाशनाचं नमुना पान बाजारात आलं. नमुन्याला त्यांनीही ‘बाबा’च घेतला होता, मिरवायचा म्हटलं की तोच सुचतो. शेवटून दुसरी ओळ होती: नावेतलं पाणी उपसायचं भांडं. भाषा मात्र शेजारच्या बेटाची दिली होती. चिमट्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. गाडी चोरायची आणि नंबराची पाटी बदलायची, असं ते स्वतःशी म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी लेकीला वर बोलावून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “विचारायचंय ना, तर घरी विचारा. कचेरीत मालकीणबाईंच्या समोर काढलंत तर त्याची नोकरी जाईल ते जाईलच. मग मी कुठल्या मजल्यावर राहायचं तेही सांगून ठेवा.”

नात्याकडे बघून गप्प बसलो तर कोशाला काय तोंड दाखवणार, असं त्यांनी तिला समजावलं. सकाळी ते थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेले आणि जावयाला तिथेच बोलावून घेतलं.

जावयाने दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली. “हा अर्थ खोटा आहे?”

“मी रचलेला आहे.”

“माझ्यासाठी?”

चिमटा म्हणाले, चोरासाठी. जावई थोडं हसला, पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही. पान मी कुणाला दिलेलं नाही, एवढंच तो म्हणाला. जिन्यातल्या फोनांचं विचारलं तर ते खासगी आहेत म्हणाला. मालकीणबाईंनी त्याला सोमवारपर्यंत घरी बसायला सांगितलं. सोमवारी काय ते ठरवू म्हणाल्या. काय ठरणार ते तिघांनाही माहीत होतं.

प्रकरण पक्कं करायचं म्हणून चिमट्यांनी पलीकडच्या संपादिकेला फोन लावला. ती एकेकाळी त्यांच्याच हाताखाली होती. वाद घालायची इतकी हौस की सगळे तिला वकीलबाई म्हणत. भांड्याचा आधार काय, असं त्यांनी विचारलं. ती तयारच बसली होती. “अजून माझी पानं तपासता होय? थांबा, पाठवते.”

तिने पाठवलं ते एक जुनं ध्वनिमुद्रण. कुणी अभ्यासक बेटावरच्या एका कोळिणीला नावेतल्या वस्तूंची नावं विचारत होता. वल्हं झालं, दोर झाला. मग लाकडावर भांडं घासल्याचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि बाईने अगदी कंटाळून सांगितलेला तो शब्द. बाबा.

चिमट्यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. बनावट असेल, असंही मनात आलंच. ज्या संग्रहालयात मूळ फीत होती तिथे त्यांनी चौकशी केली. फीत खरी होती; ती भरली तेव्हा जावई शाळेच्या गणवेशात होता. त्यांनी पाण्याच्या आवाजावरून डोकं चालवून जो शब्द बनवला, तोच पाण्याजवळ राहणाऱ्यांनी कान लावून कधीच बनवला होता. दोन अक्षरांचा शब्द आणि जगात हजारो भाषा. त्याला कुठलाही अर्थ चिकटवा, कुणीतरी तो आधीच वापरत असणार. आयुष्यभर हेच लिहीत आलेल्या माणसाने सापळा लावायला नेमका हाच शब्द निवडला होता.

ते जिना उतरून खाली गेले. दार लेकीने उघडलं आणि ती बाजूला झाली, पण आतच थांबली. चिमट्यांनी जे सापडलं ते सांगितलं. म्हणाले, “म्हणजे तुमच्याविरुद्ध आता पुरावा उरला नाही.”

“पुरावा उरला नाही,” जावई म्हणाला. “आणि संशय?”

चिमट्यांनी फोनांचं विचारलं. या वेळी त्याने सांगितलं. वकीलबाईंकडे नोकरीचं बोलणं चालू होतं. पान दिलं नव्हतं, दाखवलं नव्हतं. फक्त जायचं होतं.

“मग लपवलंत कशाला?”

“आत्ता जसं बघताय तसं बघाल म्हणून.”

लेक म्हणाली, “बाबा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. काय सिद्ध झालं ते नको.”

ज्या प्रकाशनावर चिमट्यांचा संशय होता, तिथेच जावई खरोखर जाणार होता. आतला किडा अजून वळवळत होता, बघ, म्हणालो नव्हतो का, असं म्हणत होता. ते एवढंच म्हणाले, की सोमवारी मी आधी बोलेन.

सोमवारी मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या धंद्यातल्या बाई होत्या, नेमकं विचारत. शब्द खरा निघाला हे ठीक, पण हा पलीकडच्यांशी बोलत होता हेही खरं. मग यानं काही दिलं नाही हे कशावरून?

“कशावरूनच नाही,” चिमटा म्हणाले. “मी सांगतोय म्हणून. यानं चोरी केलेली नाही. आळ मी घेतला, तो मी परत घेतो.”

मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या. इतक्या वर्षांत हा माणूस आधाराशिवाय बोललेला त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी जावयाला कामावर परत यायला सांगितलं. जावयाने आभार मानले आणि राजीनामा दिला.

दुपारी तो टेबल आवरून निघाला. चिमटा दारापर्यंत गेले. काय बोलावं ते ठरवून आले होते, पण ऐन वेळी त्यांची नजर त्याच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली. पिशवी फुगलेली होती. क्षणभरच गेली नजर. त्यांनी लगेच ती वर घेतली, पण जावयाने पाहिलं होतं.

त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली, चेन उघडली आणि त्यांच्यासमोर धरली. आत रिकामा डबा होता, छत्री होती, आणि कचेरीत घालायच्या चपला.

“बघून घ्या, सर,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

चिमट्यांनी आत पाहिलं नाही. त्यांनी पुढे होऊन चेन लावून दिली. ती मध्ये अडकली, त्यांनी मागे घेऊन पुन्हा ओढली, आणि ती पूर्ण लागेपर्यंत जावई पिशवी धरून तसाच उभा राहिला.