पाच वर्षांचं कुलूप

शनिवारी सकाळपासून गावच्या सभागृहापुढे बसगाड्या लागल्या होत्या. सगळ्या कुर्झेमे किनाऱ्यावरची माणसं उतरत होती. बायका पुढे, नवरे मागे, आणि नवऱ्याची बाही बायकोच्या मुठीत. समुद्रावरून मार्चचा बोचरा वारा येत होता. रांगेत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

व्यासपीठावर डॉक्टर ताल्रिड्स उभे होते. कुठले डॉक्टर, हे कुणी विचारलं नाही. कोट पांढरा होता, तेवढं पुरलं.

"दारू म्हणजे मेंदूतलं उघडं दार, मंडळी," ते सांगत होते. "मी दार लावतो, कुलूप घालतो. एक वर्षाचं, तीन वर्षांचं, पाच वर्षांचं. ज्याची जशी ऐपत."

मग कागदावर सही: मुदतीत दारूचा अंश पोटात गेला तर मी मरेन, आणि त्याला मीच जबाबदार. मग दंडात सुई. डोळे मिटून थोडा वेळ बसायचं. मग डॉक्टर जिभेवर व्होडकाचा एक थेंब टाकायचे, आणि माणूस पेटायचा. चेहरा, मान, छाती लालबुंद. गळा धरून तो खुर्चीतून घसरायचा. "हा फक्त थेंब होता," डॉक्टर हळूच म्हणायचे, आणि मागच्या बाया रडू लागायच्या.

माझा धाकटा भाऊ गुंदार्स त्या दिवशी पाच वर्षांचं कुलूप घालून घरी आला.

गुंदार्स जाळी विणायचा. बंदरात त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. पण संध्याकाळ झाली की तोच हात बाटलीवर जायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, "अगं, जरा घसा ओला केला." पंधरा वर्षं तो घसा कोरडाच होता. त्याची बायको आइया हिनं डॉक्टरांचा वर्तमानपत्रातला फोटो कापून फ्रिजवर चिकटवला, तेव्हा मी हसले नाही. मी गावात औषधाचं दुकान चालवते. ती माझ्याकडून झोपेच्या गोळ्या न्यायची, मला तिचे डोळे ठाऊक होते.

आठ महिने तो प्यायला नाही, हे खरं. पण आठ महिने तो हसलाही नाही. राय धान्याच्या पावाचं आंबवलेलं सरबत बंद, खोकल्याचं औषध बंद. मुलीच्या दीक्षेला चर्चच्या दारातच थांबला, आत द्राक्षारसाचा प्याला फिरतो म्हणून.

नोव्हेंबरात आईच्या वाढदिवसाला आम्ही नेहमीसारखे वाफेच्या न्हाणीघरात बसलो. आमच्याकडे तापल्या दगडांवर ओगराळंभर बिअर ओततात. भाजल्या पावाचा वास सुटतो. मावसभावानं सवयीनं ओतली. वाफ उठली तसा गुंदार्स किंकाळी फोडून बाहेर पळाला आणि उघडाच बर्फात आडवा झाला. मरणाची वाट बघत. आइया त्याच्यावर पांघरुणं टाकत होती आणि तो तिला सांगत होता, "मुलीला जवळ आण. शेवटचं बघू दे."

मेला नाही. आठवड्यानं डॉक्टर पुन्हा गावात आले, तेव्हा मीच व्यासपीठावर चढले.

त्यांची जादू माझ्या दुकानाच्या खालच्या फळीवर होती. नियासिन नावाचं एक जीवनसत्त्व आहे. रिकाम्या पोटी बऱ्यापैकी घेतलं की अंगाची आग होते, कातडी लाल होते, आणि तासाभरात सगळं ओसरतं. सुईत तेच. लाली आपल्या वेळेनं येणारच. व्होडकाचा थेंब फक्त ती वेळ गाठून टाकायचा. उरलेलं काम भीती करते. हे मी लोकांना सांगितलं, घरून निघताना गोळी घेतल्याचंही सांगितलं, आणि घड्याळाकडे बघत जिभेवर नळाच्या पाण्याचा थेंब टाकला.

"अगं विझ्मा, तू तर उकडलेलं बीट झालीस," पहिल्या रांगेतली म्हातारी म्हणाली. सभागृह हसलं. डॉक्टर मागच्या दारानं गेले. टाळ्या पडल्या. मी जिंकले होते.

शेवटच्या रांगेतून गुंदार्स उठला, टोपी घातली आणि बाहेर पडला.

तिसऱ्या दिवशी तो जाळ्यांच्या झोपडीत सापडला, बेशुद्ध, भोवती बाटल्या. डाव्या हाताची दोन बोटं थंडीनं गेली.

जिल्ह्याच्या इस्पितळात त्याला दहा दिवस ठेवलं; इतकी वर्षं पिणाऱ्यानं एकदम थांबणंही जिवावर बेतू शकतं, मार्चमध्ये ते नशिबानं निभावलं होतं, म्हणून. तिथे त्यानं विचारलं, "सगळंच खोटं होतं?"

"सगळं. पण ते आठ महिने तुझे होते, गुंदार्स. सुईचे नव्हते."

"माझे कुठले. भीतीचे होते." त्यानं पट्टी बांधलेला हात पांघरुणावर ठेवला. "तुझं बरोबर होतं गं. फक्त आधी घरी येऊन सांगायचंस. आपण दोघंच असताना."

मला फसव्याला उघडं पाडायचं होतं, आणि उघडा पडला माझा भाऊ.

मग भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "मला थांबता येत नाही, विझ्मा. एकट्याला नाही. हे मी आइयालाही कधी बोललो नाही."

तो बोलला ते एवढंच. कुणी लाल झालं नाही, कुणी खुर्चीतून घसरलं नाही. पण मी पाहिलेलं खरं औषध तिथून सुरू झालं.

आता दर मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दारू सोडू पाहणारी सात-आठ माणसं जमतात. चहा असतो, बिस्किटं असतात, आणि प्रत्येक जण आपलं सांगतो. जिल्ह्याचे डॉक्टर गोळ्या देतात, त्या काय आहेत आणि काय करतात ते समजावून. एका मंगळवारी गुंदार्सची खुर्ची रिकामी होती. वनरक्षक इमांट्सनं घड्याळ बघितलं, कोट चढवला, आणि सगळे उठून त्याच्या घरी गेले. टेबलावर अर्धी बाटली होती. कुणी ओरडलं नाही. खुर्च्या ओढून सगळे त्याच्याभोवती बसले. पुढच्या मंगळवारी तो आला.

जाळी आता त्याला पूर्वीसारखी विणता येत नाहीत. तो दोष माझ्या नावावर आहे.

म्हणून सांगते. सुई टोचणाऱ्याला विचारा, आत काय आहे. उत्तर नसेल तर दंड पुढे करू नका. आणि माझ्यासारखं शहाणपण ज्यांच्याजवळ असेल त्यांनी कुणाचा आधार खोटा ठरवण्याआधी त्याच्या घरी जावं, आणि उजाडेपर्यंत त्याच्याजवळ बसायची तयारी ठेवावी.